चेहरा पाहिजे

कला तडजोडीच्या पायावर कधीच उभी राहत नाही, असं मी भूपालअण्णा मगदुमांना ज्या क्षणी ठणकावून सांगितलं, त्या क्षणी अण्णा बेदाण्याच्या तीन खोक्यांवर उभे राहून बल्ब बदलत होते.

“सर, ह्यो जुना बल्ब जरा धरा,” ते वरून म्हणाले.

मी धरला. तडजोडीला सुरुवात तिथूनच झाली.

अण्णांचं तासगावात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. मी तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं बसवत होतो. स्पर्धेत आम्हाला दोनदा उत्तेजनार्थ मिळालं होतं, त्यामुळे आता चित्रपट करायला हरकत नाही, असं माझं मत झालं होतं. पटकथा मीच लिहिली होती. बायको वारल्यावर एका निवृत्त मास्तरला उन्हाळा सोसवेनासा होतो, तो कोल्ड स्टोरेजात राखणदार म्हणून लागतो आणि हळूहळू तिथंच राहायला जातो, अशी गोष्ट. तिच्यात संवाद कमी आणि शांतता फार होती. अण्णांना ती एका बैठकीत पसंत पडली, कारण संक्रांत ते शिवरात्र त्यांचं स्टोरेज जवळजवळ रिकामं असतं. जुना माल गेलेला असतो, नवा आलेला नसतो.

“पिक्चर करूया,” खोक्यांवरून उतरत अण्णा म्हणाले. “पर चेहरा पायजे.”

चेहऱ्यापेक्षा व्यक्तिरेखा मोठी असते, वगैरे मी बरंच बोललो. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग एक रिकामं खोकं उचलून माझ्यासमोर धरलं.

“ह्याच्यावर द्राक्षाचा घड छापलाय, बघा. ह्यो घड नसला तर आतला बेदाणा कितीबी गोड असू द्या, व्यापारी हात लावत न्हाई. मास्तरच्या जागी चेहरा आणा. बाकी सगळी गावातली घ्या, मी बोलणार न्हाई. चेहरा न्हाई तर पिक्चर न्हाई.”

चेहरा म्हणजे विश्वंभर सरंजामे, ह्यावर मात्र आमचं ताबडतोब एकमत झालं. तीस वर्षं नाटकांत आणि चित्रपटांत गाजलेला माणूस. न्यायाधीश, जमीनदार, जहाजाचा कप्तान, सगळं करून झालेलं. कपाळावर एक आठी घातली की बाल्कनीतली माणसंसुद्धा सावरून बसत. मी त्यांना पटकथा रजिस्टर पोस्टानं तीनदा पाठवली. तिन्ही वेळा पोच आली. तिच्यावर इमारतीच्या वॉचमनची सही होती.

तरीही श्रावणात मी तालमी सुरू केल्या. आम्ही नाटकवाली माणसं. काही उभं करायचं म्हणजे आधी चार महिने तालीम, हे आमच्या हाडात मुरलेलं. चित्रपटाच्या अशा तालमी करत नाहीत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. सरंजामेसाहेब अर्थातच नव्हते, म्हणून त्यांच्या जागी प्रॉक्सी उभा केला. प्रॉक्सी म्हणजे जो नट हजर नाही त्याची वाक्यं म्हणणारा, तो येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवणारा माणूस. हौशी नाटकात हे पद कायमस्वरूपी असतं. त्याला बक्षीस नसतं आणि त्याचं नाव पत्रिकेत छापत नाहीत.

आमच्याकडे आठ वर्षं हे पद अंकुश वाघमोडेकडे होतं. अंकुश बसस्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारायचा. गावात येणारा माणूस आधी त्याचा आवाज ऐकायचा आणि मग गाव बघायचा. पस्तिशीचा, उंच, अंगानं भरलेला, पण गर्दीत कुठं उभा आहे हे विचारलं तर सांगता येऊ नये असा.

“अभिनय करायचा नाही,” पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं. “फक्त जागा धरायची. पण सरंजामेसाहेबांसारखी धर. म्हणजे बाकीच्यांना त्यांची सवय होईल.”

“व्हय सर,” अंकुश म्हणाला.

त्यानं ते मनावर घेतलं. साहेबांच्या चित्रपटांच्या आणि जुन्या नाटकांच्या सीडी भाड्यानं आणल्या. साहेबांचं नाटक सांगलीला, कराडला, कोल्हापूरला जिथं लागेल तिथं जाऊन पाहिलं. बसभाडं त्याला माफ होतं, तिकीट मात्र स्वतःच्या पगारातून काढायचा. दिवाळीपर्यंत अंकुश खुर्चीवर बसला तरी खुर्ची मोठी वाटायला लागली. शेजारणीचं काम करणाऱ्या अंगणवाडीच्या सुलभाताई एकदा तो आत आला तशा पदर सावरून उभ्या राहिल्या, आणि मग स्वतःवरच चिडल्या. मी त्याला सांगितलं, छान, असंच चालू दे, साहेब आले की त्यांना सगळं आयतं मिळेल.

एकतिसावा सीन सगळ्यांत अवघड होता. मास्तर बायकोची शाल खांद्यावर टाकतो, आपल्याकडे पाठ करतो आणि कोल्ड स्टोरेजच्या लांबलचक बोळातून चालत जातो. बस्स. एक शब्द नाही. चार मिनिटं. पटकथेत मी लिहिलं होतं, ‘त्याच्या पाठीवर चाळीस वर्षांचा संसार दिसतो.’ लिहायला सोपं होतं.

पण साहेबांचा पत्ता नव्हता. शेवटी अण्णा म्हणाले, कागद कशाला पाठवताय, बेदाणा पाठवा की. साहेबांच्या नाटकाचे व्यवस्थापक तोरस्कर म्हणून होते. त्यांच्या पत्त्यावर अण्णांनी पाच किलोंचं खोकं धाडलं, आणि मी त्यात पटकथेची चौथी प्रत सरकवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवत होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे खुद्द तो आवाज होता.

“सरंजामे बोलतोय. हा हिरवा बेदाणा तुमच्याकडचाच का?”

मी हो म्हणालो. पोरं समोर बसली आहेत हे मी विसरलो होतो; मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, तर पोरंही उठून उभी राहिली.

“तो वाळवतात कसा? सावलीत की उन्हात?”

मी सावलीत म्हणालो. त्यांनी सांगितलं की डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी दुपारी सांगलीला त्यांचा प्रयोग आहे, सोमवारी सकाळी ते मोकळे आहेत, अर्धा तास येऊन जातील. कशासाठी ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. काही प्रश्न विचारून माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो.

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते आठवलं की अजून मला धाप लागते. अण्णांनी स्टोरेजला चुना मारला. अण्णांच्या घरी दोन दिवस करंज्यांवर चर्चा झाली. जैनाघरचं जेवण साहेबांना चालेल का, कांदा नसला तर ते अपमान समजतील का, ह्यावर वेगळी बैठक झाली. पोस्टरचा नमुनाही मी छापून घेतला. त्यावर सरंजामेसाहेबांचा चेहरा एवढा मोठा होता, की चित्रपटाचं नाव त्यांच्या हनुवटीखाली बसवावं लागलं. ही बातमी बाहेर फुटता कामा नये, असं मी सगळ्यांना शपथेवर सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन बसस्टँडवरून चाललो होतो, आणि भोंग्यातून अंकुशचा आवाज आला. प्रवाशांनी लक्ष द्यावे. प्रसिद्ध अभिनेते विश्वंभर सरंजामे उद्या सकाळी ठीक दहा वाजता सांगलीहून मगदूम कोल्ड स्टोरेज येथे येत आहेत. त्यांची गाडी फलाटावर लागणार नाही.

मी धावत केबिनमध्ये गेलो.

“सकाळधरनं चाळीस मानसं इचारून गेली सर,” अंकुश शांतपणे म्हणाला. “एकेकाला किती सांगायचं.”

सोमवारी स्टोरेजच्या आवारात निम्मं तासगाव होतं. साहेब सव्वाअकराला आले. पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, आधी काठी बाहेर आली, मग साहेब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांच्या घरच्यांनी ओवाळलं, अण्णांनी फेटा बांधला, साहेबांनी सगळीकडे बघून हात जोडले, आणि मला खरंच असं वाटलं, की आता कॅमेरा लावायचा तेवढा बाकी आहे.

माल चढवायच्या धक्क्याला चार पायऱ्या होत्या. वर बोळाच्या तोंडाशी मी दोन खुर्च्या आणि पटकथा मांडून ठेवली होती. साहेबांनी पायऱ्यांकडे पाहिलं. तोरस्करांनी साहेबांकडे पाहिलं.

“इथंच बसू,” साहेब म्हणाले. “ऊन छान आहे.”

खुर्च्या खाली आल्या. साहेब बसले, गुडघा हातानं सरळ केला, आणि बेदाण्याची बशी मांडीवर घेतली. मी वाचायला लागलो. मी चांगलं वाचतो, हे आजही कुणी नाकारणार नाही. तिसऱ्या सीनला साहेबांनी हिरवा आणि पिवळा ह्यांतला फरक विचारला. तो अण्णांनी सविस्तर सांगितला. नवव्या सीनला त्यांनी घड्याळ पाहिलं. पंधराव्याला तोरस्कर गाडीकडे जाऊन आले. अर्धा तास होऊन गेला होता. एवढी चार महिन्यांची तालीम, अण्णांचं रिकामं स्टोरेज, पुढे शिवरात्र, सगळं त्या बशीतल्या बेदाण्यांबरोबर संपत चाललेलं मला दिसत होतं.

मी वाचन थांबवलं. म्हणालो, साहेब, एक सीन करूनच दाखवतो.

बोळाचं मोठं दार उघडलं. आतून गार वारा आवारात आला आणि गर्दी आपोआप गप्प झाली. अंकुश धक्क्यावर चढला. अंगावर ड्यूटीचीच खाकी पँट, खांद्यावर सुलभाताईंची तपकिरी शाल. त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि चालायला लागला.

मी तो सीन साठ-सत्तर वेळा पाहिला होता, त्यामुळे मी अंकुशकडे पाहिलंच नाही. मी साहेबांकडे पाहत होतो. त्यांचा हात बशी आणि तोंड ह्यांच्यामध्ये थांबला. जबडा थांबला. कपाळावर ती आठी आली, बाल्कनीपर्यंत पोचणारी.

“परत,” साहेब म्हणाले.

अंकुश परत आला, परत गेला.

“पुन्हा एकदा.”

तिसऱ्या वेळी साहेब उठून उभे राहिले. बशी खाली पडली. अण्णांनी माझा दंड असा आवळला की पुढे चार दिवस वळ होता. अंकुश येऊन धक्क्याच्या कडेला उभा राहिला. साहेबांनी त्याला खालूनच विचारलं, “हे चालणं कुणाचं?”

“तुमचंच की साहेब,” अंकुश म्हणाला.

“माझं?”

“कप्तानाच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटाला जाताय तसं. डावा खांदा आधी वळतोय, आन् मग पाय. पर ते सीडीत हाय. आता कराडला बघितलं तवा न्हवतं.”

तोरस्कर पुढे झाले; साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“आता नाही जमत,” साहेब म्हणाले. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन माझ्याकडे वळले. “प्राध्यापक, मास्तरच्या कामाला तुम्ही मला कशाला बोलावलंत? ह्यालाच का घेत नाही?”

मी हसलो. मोठी माणसं नम्रतेनं असं बोलतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचा मान राहावा म्हणून मी मोठ्यानं, अण्णांनाही ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

“तो नुसती जागा धरतो साहेब. तो चेहरा नाही.”

साहेबांनी एकदा वर अंकुशकडे पाहिलं. अंकुश शालीची घडी घालत होता.

“चेहऱ्याचं मी बोलतच नाही,” साहेब म्हणाले. आणि तोरस्करांना अंकुशचा नंबर घ्यायला सांगितला.

नंबर मीच दिला. अंकुशला तोंडपाठ नसतो म्हणून मी पुढे होऊन एकेक आकडा सावकाश सांगितला आणि तोरस्करांकडून परत म्हणवून घेतला. तारखा ठरवायला स्थानिक माणूस लागणार, हे मी समजून होतो. कळवतो, असं साहेब म्हणाले. गाडीत दोन खोकी ठेवली, एक हिरवं, एक पिवळं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि अण्णांनी धक्क्यावर नारळ फोडला.

“तीनदा बघितलं त्यांनी, सर,” अण्णा खोबरं वाटत पुन्हा पुन्हा सांगत होते. “बशी पडली हातातनं. मी व्यापारी हाय. गिऱ्हाईक तीनदा परत बघतंय तवा सौदा झालेला असतोय.”

अण्णांचं बरोबर होतं. सौदा झालाच होता.

त्या दिवशी गावानं मला चालू दिलं नाही. दोघांनी मला मिठी मारली, एकानं मुलासाठी काम विचारलं, प्राचार्यांनी स्वतःहून रजेचं बोलून टाकलं. घरी जाऊन मी पोस्टर दिवाणखान्यात लावलं.

पंधरा दिवसांनी, संक्रांतीच्या आधी तीन दिवस, अंकुश पेढे घेऊन आला. दारात चपला काढून सोफ्याच्या कडेला टेकला. साहेबांचा फोन आला होता. मुंबईत त्यांची मोठी मालिका सुरू होत होती. रोज संध्याकाळी टीव्हीवर. त्यात ते घराण्याचे कर्ते पुरुष होते आणि घराला जिना होता. कर्ता पुरुष दर भागात दोनदा तरी तो जिना चढणार होता. साहेबांच्या गुडघ्याला एक पायरी झेपत नव्हती.

“मागनं दिसायचं तेवढं मी करायचं,” अंकुश म्हणाला. “जिना, बागेतलं फिरणं, देवळात जाणं. वळून बघायचं आलं की साहेब. खोली देत्यात. बिनपगारी रजा टाकली.”

मी पेढा हातात तसाच धरून बसलो.

“आणि आपल्या पिक्चरचं काय म्हणाले?”

“इचारलं की मी.”

“मग?”

“‘कुठला पिक्चर’, म्हणले.”

समोरच्या भिंतीवरून सरंजामेसाहेब आम्हा दोघांकडे आठी घालून पाहत होते. आता वाटतं, तेव्हा मी काही बोललो नसतो तर बरं झालं असतं.

“अरे, पण मग मास्तरची प्रॉक्सी कोण करणार?” मी म्हणालो. “मी आता दुसऱ्या नटाला पत्र टाकणार आहे. तोपर्यंत तालीम बंद ठेवायची का?”

अंकुश उठला. चपला घातल्या. मग उंबऱ्यापाशी थांबून, गाडीची वेळ सांगावी तसा सरळ आवाजात बोलला.

“सर, राग मानू नका. त्या दिवशी साहेबांनी इचारलं तवा तुमी नुसतं ‘बघू’ म्हणला असता ना, तर मी गेलो नसतो.”

त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि फाटकापर्यंत चालत गेला. डावा खांदा आधी वळला, मग पाय. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर मी आणखी दोन नामवंतांना पटकथा पाठवली. खोकी अण्णांनी दिली. एकाचं आभाराचं पत्र आलं, बेदाण्याबद्दल. शिवरात्र झाली, स्टोरेजात नवा माल भरला, आणि अण्णा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांनी डाळिंबात लक्ष घातलं. बसस्टँडवर आता गाड्या पुकारणारा आवाज आधीच भरून ठेवलेला असतो.

अंकुशची ती मालिका सहा वर्षं चालली. आमच्या घरात ती रोज साडेसातला लागायची, आणि बायको सुरुवातीलाच मला हाक मारायची. सुरुवातीला एक शीर्षकदृश्य होतं. लांब, अंधारा बोळ, खांद्यावर तपकिरी शाल घेतलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून सावकाश चालत जातो, आणि त्याच्या पाठीवर विश्वंभर सरंजामे ही अक्षरं उमटतात. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं.

आमच्या चित्रपटाचा तेवढाच भाग चित्रित झाला. अकरा सेकंद. त्यानंतर जाहिराती लागत.